आगळ, चक्का आणि फेसलेली मोहरी: घरच्या घरी हलकं सॅलड ड्रेसिंग आणि डिप

मे महिन्यात मुंबईची भाचरं रत्नागिरीला घरी आली की फ्रीजच्या दारात मेयोनेजची बाटली येऊन बसते. काकडीचे, गाजराचे काप आणि शेजारी वाटीभर मेयोनेज. मुलं कच्ची भाजी खातायत म्हणून बरं वाटतं, पण वाटीत काय आहे तेही बघायला हवं. पारंपरिक पद्धतीच्या मेयोनेजमध्ये वजनाच्या दोन तृतीयांशाहून जास्त नुसतं तेल असतं. एका मोठ्या चमच्यात साधारण ९० ते १०० कॅलरी. चार चमचे पोटात गेले की एका जेवणाइतकं होतं, आणि भाजी खाल्ली मोजून दोन काकड्या. ‘लो-फॅट’ लिहिलेल्या बाटल्यांत तेलाची जागा बऱ्याचदा साखर आणि स्टार्च घेतात, म्हणून बाटली मागे वळवून दर १०० ग्रॅममागे फॅट, साखर आणि सोडियम किती ते वाचायची सवय लावून घ्या.

तेल नुसतं कमी केलं तर काय होतं, ते मी करून पाहिलंय. ड्रेसिंग पाण्यासारखं ओघळून ताटलीच्या तळाशी जातं आणि वरची कोबी कोरडीच राहते. तेल दोन कामं करत असतं: ते भाजीला धरून राहतं आणि मसाल्याची चव अंगावर घेतं. तेल कमी करायचं तर धरून ठेवण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं, आणि ते करणारे जिन्नस आपल्या कोकणी स्वयंपाकघरात मुबलक आहेत. चक्का, फेसलेली मोहरी, नारळ, वाटलेलं डाळं, शिजलेले वाल, आंब्याचा रस. मात्र तेल पूर्ण काढू नका. गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतंच.

आधी भाजी कोरडी करा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि निम्मं यश तिथेच आहे. ओल्या भाजीवर कुठलंच ड्रेसिंग टिकत नाही, मग आपण आणखी ओतत राहतो. भाजी धुवून चाळणीत निथळवा, नंतर स्वच्छ सुती पंचावर पसरून वरून दुसरा पंचा दाबा. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की अर्धा तास पंख्याखाली ठेवल्याशिवाय कोबी सुकत नाही. काकडी किंवा तवसं असेल तर बिया काढा, चिरून चिमूटभर मीठ लावा, दहा मिनिटांनी हाताने दाबून पाणी काढा. हे पाणी फेकू नका, भाकरीच्या पिठात जातं. तेवढं मीठ पिठात आधीच आलेलं आहे हे लक्षात ठेवलं की झालं.

मापांचंही सांगून ठेवते: पुढे मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान चमचा म्हणजे ५ मिली. तेल बाटलीतून थेट ओतायचं नाही, चमच्यानेच घ्यायचं. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात आणि बाटली वाकडी केली की तीन चमचे कधी पडले ते कळतही नाही.

आगळाचं पातळ ड्रेसिंग

युरोपीय पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगचं प्रमाण तीन भाग तेल, एक भाग आंबट असं असतं. चौघांच्या सॅलडला तीन मोठे चमचे तेल, म्हणजे ३६० कॅलरी. आपण तेल एका लहान चमच्यावर आणू आणि धरून ठेवायचं काम मोहरीवर सोपवू.

मोहरी फेसायची कशी ते नीट सांगते, कारण सगळी मदार तिच्यावर आहे. एक लहान चमचा मोहरी खलबत्त्यात आधी कोरडीच जाडसर कुटा. मग गार पाणी थेंबथेंब घालत बत्ता गोल फिरवत राहा. दोन-तीन मिनिटांत काळपट भरड फिकट पिवळी होते, कडेला बारीक फेस धरतो आणि वास नाकात शिरून डोळ्यांत टचकन पाणी येतं. तिथे थांबा. वाटी झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा, आंबट आत्ताच घालू नका. मोहरीचा झणका दाणा फुटून पाणी लागल्यावर तयार होतो. गरम पाण्याने तो मरतो, आणि आंबट लवकर पडलं तर तो तयार होणं अडतं. मोहरीच्या सालीतून जो बुळबुळीतपणा येतो, तोच पुढे तेलाचे थेंब आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतो. मिक्सरमध्ये फार वेळ फिरवली तर मोहरी कडवट होते, म्हणून एवढ्याशा कामाला खलबत्ताच बरा.

आता झाकणाची काचेची बरणी घ्या. तिच्यात एक मोठा चमचा आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा खारवलेला रस), दोन मोठे चमचे पाणी, अर्धा लहान चमचा फेसलेली मोहरी, एक लहान चमचा किसलेला गूळ, चिमूट भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धी लसूण पाकळी किसून आणि एक लहान चमचा शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल घाला. झाकण घट्ट लावून वीस-पंचवीस वेळा जोरात हलवा. पातळ लाल पाणी गुलाबीसर, गढूळ आणि किंचित दाट दिसायला लागलं की झालं. खोबरेल घेतलंत तर ड्रेसिंग फ्रीजमध्ये ठेवू नका, तेल थिजून वर गोळ्या धरतात. उरलेली फेसलेली मोहरी दुसऱ्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीला लावा.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी कौतुकाने बरणी सासूबाईंना दाखवली. त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाटला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर फेसून लावलेलंच की! आम्ही तवश्याला नाही का लावायचो?” मी म्हटलं, “हो आई, फक्त दही नाही यात.” त्यांनी लगेच वाटी पुढे केली. त्यांना ड्रेसिंग हा शब्द नवा होता, पदार्थ नव्हता.

आगळाबद्दल दोन गोष्टी. आगळ रातांब्याला मीठ लावून काढतात, त्यामुळे ते भरपूर खारट असतं. ड्रेसिंगमध्ये वरून मीठ घालू नका, आधी चव घ्या. आणि दुकानात शेजारीच ठेवलेला कोकम सरबताचा पाक चुकून आणू नका, त्यात साखरच साखर असते. आगळ नसेल तर सहा-सात आमसुलं पाव वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. सगळं काम काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा, आंबट पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नये.

हे ड्रेसिंग कोबी, गाजर, मोडाची मटकी आणि पांढऱ्या कांद्यावर फार छान लागतं. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर सोडू नका. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मला त्याचं मोल आहे ते तो कमी तिखट असतो आणि कच्चा खाताना तोंड पोळत नाही म्हणून. वाढायच्या आधी पाच मिनिटं ड्रेसिंग घाला आणि हाताने कालवा. डावाने ढवळलं की अर्धी भाजी कोरडी राहते, हाताने प्रत्येक कापाला लागतं.

मेयोनेजच्या जागी चक्का

मुलांसमोर ठेवायचं तर चक्का. दूध तापवून गार करा, वरची साय काढून घ्या आणि मग विरजण लावा. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे साय काढल्याने खरंच फरक पडतो. अर्धा लिटर दही सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. एका मे महिन्यात मी पुरचुंडी नेहमीसारखी नळाला टांगून बाजारात गेले. परत आले तर चक्का इतका आंबट झाला होता की शेवटी त्याची कढी करावी लागली. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका. चार-पाच तासांत साधारण वाटीभर घट्ट चक्का निघतो. खाली उरलेलं पाणी कणीक भिजवायला वापरा.

वाटीभर चक्का चमच्याने फेटून मऊ करा, चाळणीतून घासलात तर आणखी रेशमी होतो. चवीला माझी पहिली पसंती भाजलेल्या कैरीला. वाऱ्याने पडलेली कैरी गॅसवर साल काळी पडेपर्यंत भाजायची, साल काढून दोन मोठे चमचे गर घ्यायचा, त्यात अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर आणि किंचित गूळ वाटून चक्क्यात मिसळायचं. धुरकट वास येतो, आणि तेलाची आठवणही होत नाही.

घरात मासे असतील तर हाच चक्का वेगळ्या वाटेने न्या. तळलेल्या किंवा भाजलेल्या माशाबरोबर हॉटेलात टार्टर सॉस देतात, तो मेयोनेजचाच असतो. आपण वाटीभर चक्क्यात खारातल्या कैरीचे अगदी बारीक तुकडे दोन मोठे चमचे, बारीक चिरलेला पांढरा कांदा, कोथिंबीर आणि मिरपूड घालायची. कैरीचे तुकडे आधी पाण्यात अर्धा तास ठेवून पिळून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि खारातली एक फोड त्यातला बराच वाटा घेऊन जाते. तेल कमी केलं आणि मीठ वाढवलं तर काय मिळवलं? भाजलेल्या बांगड्याबरोबर हे डिप मला टार्टर सॉसपेक्षा कितीतरी सरस वाटतं, कारण कैरीचा आंबटपणा बांगड्याचा तेलकटपणा कापतो.

नारळाचं जपून

नारळ घरचा आहे म्हणून तो हलका, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. जाड पहिलं दूध चांगलंच स्निग्ध असतं आणि त्यातली चरबी बहुतांशी संपृक्त. म्हणून ड्रेसिंगला दुसरं दूध घ्या. अर्ध्या नारळाचा चव (खोवलेलं खोबरं) वाटून पहिलं दूध आमटीला किंवा माशाच्या कालवणाला बाजूला काढा, त्याच चोथ्यात अर्धी वाटी कोमट पाणी घालून पुन्हा वाटा आणि पिळा. हे दूध पातळ येतं. त्यात दोन लहान चमचे डाळ्याचं पीठ फेटलं की दाटपणा येतो. मग अर्धा मोठा चमचा आगळ, आलं-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर. चव सोलकढीच्या जवळ जाते. उकडलेली फरसबी, बीट, अननसाच्या फोडी यांवर घाला. हे त्याच दिवशी संपवा, नारळाचं दूध आपल्या हवेत फार लवकर खराब होतं.

ओल्या काजूंचंही तसंच. फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात येतात तेव्हा बारा-पंधरा गर गरम पाण्यात टाकून सोलायचे, पाच मिनिटं उकडून अर्धी वाटी चक्क्याबरोबर वाटायचे. नुसत्या काजूंचं डिप जड होतं, चक्क्याने ते हलकंही होतं आणि पुरवठ्यालाही येतं. अख्ख्या बिया आणून घरी कापणार असाल तर हाताला तेल लावा, काजूचा चीक कातडी भाजतो.

वालाचं डिप

सगळ्यात जास्त पोट भरणारं हेच. कडवे वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून सोला आणि मऊ शिजवा. नेहमीच्या बिरड्याइतकंच हे काम आहे, म्हणून बिरडं करायच्या दिवशी दोन वाट्या जास्त सोलून ठेवा. शिजलेल्या दोन वाट्या वालात दोन आमसुलांचं पाणी, एक हिरवी मिरची, जिरं, मूठभर कोथिंबीर आणि मीठ घालून वाटा. मूठभर दाणे अख्खेच ठेवा, खाताना दाताखाली येतात. वालाचा किंचित कडवटपणा जायला हवा असं वाटत असेल तर गुळाचा खडा पुरतो, पण मला तो हवासा वाटतो.

तेल इथे वाटणात घालू नका. एक लहान चमचा खोबरेल तेलात दोन लसूण पाकळ्यांचे काप सोनेरी करा आणि ते तेल लसणीसकट डिपच्या वर सोडा. तेल वर असलं की जिभेला सगळ्यात आधी तेच लागतं, म्हणून एक चमचा चारचा भास देतो. वाटणात मिसळलेला चमचा मात्र कुठेच जाणवत नाही. तांदळाच्या भाकरीचे तुकडे, भाजलेला पोह्याचा पापड किंवा गाजराचे काप यांबरोबर द्या.

आंब्याच्या दिवसांत रायवळ आंब्याचा रस दोन मोठे चमचे आणि थोडी फेसलेली मोहरी आगळाच्या ड्रेसिंगमध्ये घातली तर गूळ वगळता येतो आणि तेल आणखी कमी करता येतं. खाली सिंधुदुर्गात आंब्याचं सासव करतात, त्यातलीच ही मोहरी-आंब्याची जोडी.

चक्क्याचं आणि वालाचं डिप झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. पावसाळ्यात लाईट चार-पाच तास गेली असेल तर ठेवलेलं टाकून द्या. लसूण तेलात बुडवून बाहेर साठवू नका, ती लागेल तेव्हाच परता. आगळाचं ड्रेसिंग उरलं तर बरणी सिंकमध्ये ठेवायच्या आधी त्यात दोन चमचे पाणी घालून हलवा आणि उकडलेल्या करंदीवर (बारीक कोळंबीवर) ओता, वर मूठभर कांदा चिरा. आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम थोडं जास्तच करतात.