भारतीय महिला जिम्नॅस्टिक्स संघाच्या वाटेवर या चुका टाळा

कोल्हापुरात पोराला तालमीत कधी घालावे आणि त्याला खुराक काय द्यावा, हे गल्लीतला कोणीही सांगू शकतो. परंतु सात वर्षांची मुलगी घरात कमान टाकू लागली, तर तिला पुढे कोठे न्यावे, याचे उत्तर फारच थोड्यांकडे असते. गेली काही वर्षे मुलींना स्पर्धांना घेऊन जाताना मी पाहिले आहे की, अंगात गुण असलेल्या मुलीही अनेकदा टाळता येण्याजोग्या कारणांनी मागे पडतात.

पहिली गफलत प्रकार निवडताना होते. महिलांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट (टेबलावरून उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बॅलन्स बीम (अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (मोकळी चटई) अशी चार साधने असतात. रिबन, चेंडू आणि हूप हे रिदमिक या वेगळ्या प्रकाराचे साहित्य. आपल्याकडे बऱ्याच मुली योगासने किंवा दोरीच्या मल्लखांबातून येतात. त्यांची पकड आणि पोटाची ताकद उत्तम असते, मात्र धावत येऊन उडी घेणे आणि दोन्ही पायांवर स्थिर उतरणे त्यांना नव्याने शिकावे लागते. केवळ लवचिकता पाहून मुलीला थेट अवघड उड्यांवर नेले, तर घोटा आणि नडगी आधी कुरकुर करतात. नडगी सतत दुखत असेल, तर सराव कडक फरशीवर चालला आहे का, हे प्रथम तपासावे. स्प्रिंग असलेल्या फ्लोअरची सवयही स्पर्धेपूर्वी काही दिवस करून घ्यावी लागते.

दुसरी चूक म्हणजे शालेय स्पर्धा हीच एकमेव शिडी समजणे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य हा शालेय मार्ग चांगला आहे, आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरता विचार असेल तर तो पुरेसाही ठरतो. राष्ट्रीय संघाची वाट मात्र जिल्हा संघटना, राज्य अजिंक्यपद, जिम्नॅस्टिक्स फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा, निवड चाचणी आणि सराव शिबिर अशी जाते. नोंदणी ज्या संघटनेकडे करणार, ती राज्य संघटनेशी संलग्न आहे ना, हे प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. राष्ट्रीय फेडरेशनलाच अनेक वर्षे केंद्राची मान्यता नव्हती आणि ती 2021 मध्ये परत मिळाली, हे लक्षात घेतले तर असे विचारण्यात संकोच वाटणार नाही.

वयाचा हिशेब तर हमखास चुकतो. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात खेळण्यासाठी मुलीला त्या कॅलेंडर वर्षात सोळा वर्षे पूर्ण होत असावी लागतात. म्हणजे डिसेंबर 2010 मध्ये जन्मलेली मुलगी 2026 च्या जानेवारीपासूनच पात्र ठरते. वाढदिवसापर्यंत थांबणारे पालक जवळजवळ एक हंगाम घालवतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीतील नाव एकच असावे. एका मुलीच्या अर्जात वडिलांच्या नावातील एक अक्षर मीच तपासायचे विसरलो होतो, आणि ती स्पर्धा तिला गॅलरीत बसून पाहावी लागली.

सर्वांत महागडी चूक गुणांच्या गणितात असते. साधनावरच्या संपूर्ण रचनेला काठिण्य (अवघडपणाचे) गुण आणि सादरीकरणाचे दहापैकी गुण मिळतात. बीमवर काठिण्याच्या दुसऱ्या श्रेणीतील कृतीचे मूल्य 0.2 आणि चौथ्या श्रेणीचे 0.4, पडल्यास मात्र पूर्ण एक गुण वजा होतो. एका चाचणीत दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर आमच्या एका मुलीने मागे कोलांटी घेतली, टाच कडेवरून घसरली, तिने हात हलवून तोल सावरला आणि गॅलरीतून टाळ्या पडल्या. मात्र पंचांनी त्या सावरण्याचेही गुण कापले, आणि पुढच्या, सरावात चारपैकी एकदाच जमणाऱ्या उडीत ती खाली आली. सोप्या उडीऐवजी अवघड उडी ठेवून दोन दशांश जादा मिळवण्यासाठी आम्ही एक गुण पणाला लावला होता, हे परतीच्या एसटीत उमगले. सरावात दहापैकी नऊ वेळा जमणारी कृतीच स्पर्धेच्या रचनेत ठेवावी.

दीपा कर्माकरची 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधील प्रोदुनोव्हा (व्हॉल्टवरून पुढे दोन कोलांट्यांची उडी) पाहून तीच उडी शिकवा, असा आग्रह अजूनही होतो. ती 15.066 गुणांसह चौथी आली आणि कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. पण त्या उडीचे काठिण्य मूल्य नंतर 7.0 वरून 6.4 करण्यात आले, आणि दीपा सहाव्या वर्षापासून सराव करत होती, हे आग्रह धरणारे सोयीस्कर विसरतात. शिवाय व्हॉल्टच्या अंतिम फेरीसाठी दोन वेगवेगळ्या उड्या लागतात, त्यामुळे एकाच उडीवर वर्षे घालवणे व्यवहार्य नाही.

भारताचा संपूर्ण महिला संघ ऑलिम्पिकसाठी अद्याप पात्र ठरलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकला जिम्नॅस्ट प्रणती नायक आशियाई कोट्यातून एकटीच गेली. त्यामुळे एखाद्या साधनावर प्रावीण्य मिळवण्याचा विचार योग्यच आहे, मात्र राज्य पातळीवर चारही साधनांची बेरीज मागितली जाते, हे ध्यानात ठेवून निदान पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकही साधन सोडू नये.

चाचणीत पहिला क्रमांक मिळाला म्हणजे निवड झाली, असेही गृहीत धरू नये. हिजेनामाइन या प्रतिबंधित द्रव्यामुळे दीपावर आलेले एकवीस महिन्यांचे निलंबन 10 जुलै 2023 रोजी संपले, आणि त्यानंतर लगेच भुवनेश्वरच्या चाचणीत ती अव्वल ठरली. तरीही मागील बारा महिन्यांतील कामगिरीच्या सरकारी निकषामुळे तिला हांगझोऊ आशियाई स्पर्धेला जाता आले नाही. हे द्रव्य काही वनस्पतींत आणि पूरक आहाराच्या उत्पादनांत आढळते, म्हणून ओळखीच्या दुकानातील ‘नैसर्गिक’ पावडरही डॉक्टरांना विचारून आणि राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या माहितीशी पडताळूनच द्यावी.

शेवटची अडचण निवड झाल्यावर येते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी खेळाडूचा परवाना लागतो, तो राष्ट्रीय फेडरेशनमार्फत मिळतो, दोन वर्षे चालतो आणि त्यासाठी पासपोर्टची प्रत द्यावी लागते. पासपोर्टचा अर्ज राज्य स्पर्धेत पहिल्यांदा पदक मिळताच करून टाकावा, कारण शिबिरातून सुटी घेऊन कागदपत्रांसाठी कोल्हापूरला येण्याइतका वेळ तेव्हा कोणी देत नाही.