मेमरी कंट्रोलरच्या ईसीसीवर काम सुरू करताना

प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली ये-जा सांभाळणारा भाग म्हणजे मेमरी कंट्रोलर. त्याच्या टीममध्ये रुजू झाले तेव्हा पहिलंच काम हातात आलं ते ईसीसी (एरर करेक्टिंग कोड) ब्लॉकचं, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या भागाचं. कॉलेजात कोडिंग थिअरी आवडीने शिकले होते, त्यामुळे गणिताची धास्ती नव्हती आणि गणिताने त्रास दिलाही नाही. गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात, तीही बहुतेक तिथेच अडतात.

तरी सुरुवात गणितापासूनच करा. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या कोडमुळे एखादा बिट उलटला तर तो कुठला हे कळतं. मेमरीत ६४ डेटा बिटांना ८ चेक बिट जोडतात. ७२ पैकी एक बिट चुकला तर दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान चूक झाल्याचं समजतं. आम्ही याला सेक-डेड (सिंगल एरर करेक्शन, डबल एरर डिटेक्शन) म्हणतो. हार्डवेअरमध्ये मात्र आयबीएमच्या श्याओ यांनी १९७० साली सुचवलेली मांडणी जास्त सोयीची पडते. ती एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढाच. ० आणि १ चा तक्ता: ८ ओळी म्हणजे आठ तपासण्या, ७२ कॉलम म्हणजे दर बिटाला एक, आणि प्रत्येक कॉलममध्ये एकांची संख्या विषम. एकच १ असलेले ८ कॉलम चेक बिटांचे. तीन १ असलेले ५६ कॉलम होतात, ते सगळे घ्यायचे. उरलेले ८ कॉलम पाच १ असलेले. एकूण १ मोजले तर २१६ भरतात, म्हणजे नीट वाटले तर दर ओळीला २७.

या २७ ला मोल आहे. वाचलेल्या ७२ बिटांवर या आठ तपासण्या केल्या की जे आठ बिट निघतात तो सिंड्रोम. चूक नसेल तर तो शून्य येतो, एक बिट चुकला तर त्या बिटाचा कॉलमच येतो. सिंड्रोमचा प्रत्येक बिट म्हणजे २७ बिटांचं एक्सॉर (एकांची संख्या विषम असेल तर १, नाहीतर ०), आणि दोन इनपुटच्या गेटांनी ते ५ पातळ्यांत बसतं. वाटप बिघडून एखाद्या ओळीत ३३ झाले की सहावी पातळी आलीच. डेटा वाचण्याच्या वाटेवर एका गेटचा उशीरसुद्धा जाणवतो. शिवाय सगळे कॉलम विषम असल्यामुळे सिंड्रोममध्ये एकांची संख्या सम आली, पण तो शून्य नसला, की दोन बिट चुकले हे लगेच कळतं. मला ही मांडणी अजूनही फार सुंदर वाटते.

वेगाची दुसरी गोष्ट अशी की बहुतेक वाचनांत चूक नसतेच. म्हणून 'सिंड्रोम शून्य आहे का' एवढंच आधी विचारायचं आणि शून्य असेल तर डेटा पुढे सोडायचा. दुरुस्तीची लांब वाट चूक दिसली तरच घ्यायची, तिथे एखादी क्लॉक सायकल जास्त गेली तरी चालतं.

चाचणीच्या बाबतीत मी सुरुवातीला बरेच दिवस वाया घालवले. रँडम डेटा, रँडम चुका, रात्रभर सिम्युलेशन. खरं तर हा कोड लिनिअर आहे, म्हणजे सिंड्रोम फक्त चुकीवर अवलंबून असतो, डेटा काय होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एका बिटाच्या चुका ७२, दोन बिटांच्या जोड्या २५५६. एवढ्या २६२८ केस तपासल्या की कोडचं काम संपलं.

आता माझी गाडी जिथे अडली ते सांगते. प्रोसेसरकडून कधीकधी एकच बाइट लिहायला येतो. चेक बिट मात्र आठही बाइटांवर मोजलेले असतात, त्यामुळे एक बाइट बदलला की ते शिळे होतात. म्हणून कंट्रोलर जुना वर्ड (आठही बाइट) वाचतो, तपासतो, त्यात नवा बाइट बसवतो, चेक बिट नव्याने काढतो आणि परत लिहितो. हे झालं रीड-मॉडिफाय-राइट. माझ्या टेस्टमध्ये मी बाइट ५ मधले दोन बिट मुद्दाम उलटवले, बाइट २ वर नवी किंमत लिहिली आणि तोच पत्ता वाचला. सिंड्रोम शून्य, एरर लॉग कोरा. मी टेस्ट पास म्हणून नोंदवून मोकळी झाले. रिव्ह्यूत आमच्या सीनियर मॅडमनी विचारलं, "अगं, दोन बिट तूच मोडले होतेस ना? मग ते गेले कुठे?"

वेव्हफॉर्म (सिम्युलेशनमधल्या सिग्नलांचा आलेख) उघडल्यावर उलगडा झाला. जुना वर्ड वाचताना डीकोडरने (सिंड्रोमवरून चूक ओळखणाऱ्या भागाने) 'दुरुस्त होणार नाही' हा सिग्नल वर केला होता, पण रीड-मॉडिफाय-राइटच्या वाटेवर तो कुठे जोडलेलाच नव्हता. मोडलेला बाइट ५ तसाच पुढे गेला आणि त्यावर नवे, अचूक चेक बिट चढले. चुकीच्या डेटावर खरेपणाचा शिक्का आम्हीच मारला होता. यानंतर कुठलाही डीकोडर त्या वर्डवर बोट ठेवू शकला नसता. उपाय म्हणून आम्ही अशा वर्डला पॉयझन करायला लागलो. नवे चेक बिट लिहिताना त्यातले दोन मुद्दाम उलटे लिहायचे, म्हणजे पुढच्या वाचनात दोन बिटांची चूक दिसणारच. पूर्ण आठ बाइट नव्याने लिहिले गेले की पॉयझन आपोआप जातं.

अशीच एक जागा शून्यांची. सगळे ७२ बिट शून्य असले तर तो वैध कोडवर्ड (चेक बिट बरोबर जुळणारा संच) असतो! मेमरीकडून काहीच आलं नाही आणि तारा शून्यावर राहिल्या, तर ईसीसी म्हणेल सगळं ठीक. यावर साधी युक्ती म्हणजे ठरावीक दोन चेक बिट नेहमी उलटे साठवायचे, म्हणजे सगळे शून्य आले तर दोन बिटांची चूक दिसते. सगळे बिट १ आले तर मात्र या युक्तीशिवायही चिंता नाही. दर ओळीत २७, म्हणजे विषम १ असल्यामुळे सिंड्रोमचे आठही बिट १ होतात आणि चूक पकडली जाते.

सेक-डेडची मर्यादाही ओळखून असा. तीन बिट चुकले तर सिंड्रोम विषम येतो, आणि डीकोडर एखादा निर्दोष बिटच उलटवून बसू शकतो. चार बिट रुंदीची आख्खी चिप गेली तर हा कोड पुरत नाही, तिथे रीड-सोलोमनसारखे सिम्बॉलवर, म्हणजे बिटांच्या गटांवर चालणारे कोड लागतात. डीडीआर५ प्रकारच्या मेमरीमध्ये चिपच्या आतच १२८ बिटांमागे ८ चेक बिट असतात, पण चिप आणि कंट्रोलर यांच्यातल्या तारांवर बिघडलेला डेटा त्यांच्या कक्षेत येत नाही. कंट्रोलरचं ईसीसी त्यामुळे सुटत नाही.

गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ सालचा अभ्यास जरूर वाचा. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनवर दुरुस्त करण्याजोगी निदान एक चूक नोंदली गेली होती, आणि जिथे एकदा चूक दिसली तिथे पुन्हा दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. म्हणून दुरुस्त झालेल्या चुकाही मोजायच्या, आणि स्क्रबर चालू ठेवायचा. तो फावल्या वेळात मेमरी वाचत फिरतो आणि एका बिटाची चूक दोन बिटांची होण्याआधी दुरुस्त करून परत लिहितो. परत लिहितो म्हटलं की जुना धोका आलाच. स्क्रबरचा कोड पहिल्यांदा उघडाल तेव्हा आधी एवढंच शोधा: सिंड्रोम सम आहे आणि शून्य नाही, अशा वेळी परत लिहिणं थांबतं का?