देवापुढे मन मऊ करताना या चुका टाळा

शिबिराच्या शेवटच्या रात्री पुढे येऊन रडणारी आणि घरी गेल्यावर पहिल्यासारखीच वागणारी माणसं नवापूरपासून चाळीसगावपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मी इतकी पाहिलीत, की आता कुणी 'देवाने माझं मन मऊ केलं' म्हणालं की मी एवढंच विचारतो, 'घरच्यांना कळलं का?' उत्तर आलं नाही, तर पुढच्यापैकी एखादी चूक झालेली असते.

रडू आलं म्हणजे काम झालं, असं समजणं

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

शहाद्याकडचे दोन भाऊ. विहीर सामाईक, मोटर एक, दोघांचीही केळी. शेतीची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वडील गेल्यापासून थोरल्याने दिवसाची लाईट स्वतःकडे ठेवली. धाकटा ऐन थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर, साप-विंचवांत. आणि थोरले दर वर्षी शिबिरात पुढे येऊन ढसाढसा रडायचे. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवायचे. धाकटा मागे सतरंजीवर बसून बघायचा.

एकदा थोरल्यांनीच मला विचारलं, "भाऊ, इतकं रडतो, तरी मनाला शांती का नाही?"

मी म्हटलं, "नाना, या वर्षी पुढे येऊ नका. लाईट द्या."

ते चिडले. प्रार्थनेचा आणि मोटरीचा काय संबंध, म्हणाले. संबंध बायबलात लूक 19 मध्ये आहे. जकातदार जक्कय रडला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, असा रोकडा हिशेब त्याने उभं राहून मांडला. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं.

नानांनी दिवसाची पाळी दिली, पण लगेच नाही; मधे केळीचा एक हंगाम गेला. धाकटा अजूनही रात्री एकदा विहिरीवर जाऊन येतो, स्टार्टर कुणी बंद तर केला नाही ना, हे बघायला. नानांना त्याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत. ज्याने वर्षानुवर्षं सोसलं, त्याने आठवड्याभरात गळ्यात पडावं ही अपेक्षा चुकीची आहे.

अश्रूंशी माझं वैर नाही. पण 1 शमुवेल 15 उघडा. शौल राजा म्हणतो, मी पाप केलं. आणि त्याच दमात म्हणतो, पण लोकांसमोर माझा मान राख. दावीद राजाही नाथान संदेष्ट्यापुढे तेच म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. त्याच्या वाक्याला पुढे 'पण' नाही. माझी सवय अशी, की शनिवारी रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून स्तोत्र 51, म्हणजे दावीदाची पश्चात्तापाची प्रार्थना, वाचायचं आणि आठवड्यातल्या आपल्या क्षमायाचनेत कुठे 'पण' होता का, ते तपासायचं.

'उद्या' म्हणणं

बेडकांची पीडा आली तेव्हा मोशेने मिसरचा राजा फारो याला विचारलं, बेडूक जावेत म्हणून प्रार्थना कधी करू? घर, अंथरूण, कणकेची परात, सगळीकडे बेडूक. आणि फारो म्हणतो, उद्या! (निर्गम 8:10. या उत्तरावर मला दर वेळी हसू येतं, आणि मग येत नाही.) पुढे बेडूक मेले, जरा उसंत मिळाली, तसं त्याने मन पुन्हा कठीण केलं.

आपल्याकडचे 'उद्या' वेगळे असतात. कापूस विकला की. लगीनसराई आटोपली की. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसून देवाला दिलेली वचनं तर डिस्चार्जच्या कागदाबरोबरच घडी करून ठेवली जातात. इब्री लोकांस पत्रात 'आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल, तर आपली मने कठीण करू नका' हे पुन्हा पुन्हा येतं, ते उगाच नाही. मी वचन थोडंच वाचतो, आणि त्यातून जे करायचं दिसतं ते संध्याकाळच्या जेवणाआधी करून टाकतो. महिन्यात अख्खं बायबल संपवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

बाकीच्या चुका

उपदेश शेजाऱ्यासाठी ऐकणं. दावीदही नाथानाच्या गोष्टीतल्या, गरिबाची एकुलती मेंढी घेणाऱ्या श्रीमंतावर भडकला होता, 'तो मनुष्य तूच' हे ऐकेपर्यंत.

बायकोचं, सुनेचं, मुलाचं मन मऊ करायला निघणं. पौलाचा उपदेश ऐकणाऱ्या लुदियेचं अंतःकरण प्रभूने उघडलं; पौल फक्त बोलत होता.

मऊ मन म्हणजे कुणालाही नाही न म्हणणं. मार्क 3 मध्ये लोकांच्या मनाच्या कठीणपणामुळे येशू खिन्न झाला आणि त्यांच्याकडे रागाने पाहिलं, दोन्ही एकाच वेळी. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचं सगळं मुकाट सोसा, असं या विषयाच्या नावाखाली कुणी शिकवत असेल, तर तिथून उठून या.

विश्वासात आल्यावर महिन्याभरात इतरांना शिकवायला माईक मागणं. नवशिक्यांची ही घाई मला सोसवत नाही, आणि त्यांना माईक देणाऱ्यांची त्याहून नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यानंतर 8 वर्षांनी उमगलं, असं त्या स्वतः लिहितात. रमाबाईंना 8 वर्षं लागली. तुम्ही निदान पुढच्या कापसापर्यंत थांबा.

काहीच वाटत नाही, म्हणून सोडून देणं

ही तक्रार प्रामाणिक असते, म्हणून तिच्यावर मी ओरडत नाही. दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन, हे यहेज्केल 36 मध्ये देव स्वतः म्हणतो. ते आपल्या हातचं नाही. पण होशेय संदेष्टा असंही सांगतो, की पडीक जमीन नांगरा. काळ्या रानात कुंदा हे तण माजलं की वरून कितीही पाऊस पडो, पीक कुंद्याचंच येतं. ते खणूनच काढावं लागतं. म्हणून भावना येण्याची वाट न बघता एक नाव घ्या, ज्याच्याशी अबोला आहे त्याचं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात मी हेच करतो. मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय.

आणि जायचं म्हणजे जायचं. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी सगळ्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून 'काही चुकलं असेल तर माफ करा' लिहिणं, याला मी जाणं म्हणत नाही. 'असेल तर' काढून टाका. काय चुकलं ते नाव घेऊन, समोर बसून बोला. समोरच्याने चहासुद्धा विचारला नाही, तर उठून या आणि आठ-पंधरा दिवसांनी परत जा.