लाकडी किंवा बांबूचं फ्लोरिंग: खालचा प्लाय आधी असा तयार करा

फळ्यांचे बॉक्स फोडण्याआधी मॉइश्चर मीटर हातात घ्या. प्लाय किंवा ओएसबीच्या (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या बोर्डाच्या) सबफ्लोअरमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या थरात, १२ टक्क्यांहून जास्त ओलावा नको. शिवाय फळीचा ओलावा आणि खालचा ओलावा यांतला फरक तीन इंचांहून अरुंद फळीला ४ टक्क्यांच्या आत आणि त्याहून रुंद फळीला २ टक्क्यांच्या आत हवा. हजार चौरस फुटांना निदान वीस ठिकाणी रीडिंग घ्या. बाहेरच्या भिंतीलगत, खिडकीखाली आणि बाथरूमच्या दाराशी तर घ्याच. एकाच कोपऱ्यात आकडा चढलेला दिसला, तर पंखा लावून प्लाय सुकवण्यात अर्थ नाही. आधी गळती शोधा.

प्लायच्या खाली घराची उघडी माती असेल, तर तिच्यावर ६ मिल (सुमारे ०.१५ मिमी) जाडीचं पॉलिथिन अंथरा आणि सांध्यावर किमान सहा इंच चढ द्या. हेच पॉलिथिन प्लायवर घालून वर फळ्या ठोकायचा मोह मात्र टाळा. खिळ्यांनी त्याची चाळण होते आणि खालून आलेला ओलावा प्लायमध्येच कोंडतो.

आता खोलीभर सावकाश चाला. कुरकुर येईल किंवा पायाखाली दबेल तिथे खडूने खूण करा. आवाज येतो तो प्लाय त्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या वाशावरून सुटलेला असतो म्हणून. खिळा वरखाली घासतो. १८ मिमी प्लायला ५० मिमीचे लाकडी स्क्रू वापरा. शीटच्या कडेला दर सहा इंचांवर आणि मधल्या वाशांवर दर बारा इंचांवर एक पुरतो. ड्रायवॉलचे (जिप्सम बोर्डाचे) काळे स्क्रू इथे नकोत, ते ठिसूळ असतात आणि डोकी तुटतात. खालून वायर किंवा पाइप कुठून गेलेत ते आधी बघून ठेवा. वासा आणि प्लाय यांत फट दिसली, तर पाचरीला गोंद लावून ती हातानेच सरकवा. हातोडीने ठोकली की प्लाय वर उचलला जातो आणि एका दुरुस्तीतून नवा उंचवटा तयार होतो.

स्क्रूड्रायव्हर सहज रुतला किंवा प्लायचे थर सुटलेले दिसले, तर तेवढा भाग वाशाच्या मध्यापर्यंत कापून काढा. कटरची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवा. नव्या तुकड्याच्या अधांतरी कडांखाली आडवा ठोकळा द्या आणि चहूबाजूंनी ३ मिमी फट सोडा. वर पार्टिकल बोर्ड असेल तर काढूनच टाका, त्यात खिळा धरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ सपाटीला द्या. जमीन किंचित उतरती असली तरी चालते, लाटा चालत नाहीत. खिळ्यांनी बसणाऱ्या फ्लोरिंगला दहा फुटांत साधारण ६ मिमी फरक खपतो, चिकटवायच्या फ्लोरिंगला ५ मिमी. बांबूच्या माहितीपत्रकात याहून कडक आकडा असेल तर तोच धरा. सहा ते दहा फुटी सरळ पट्टी जमिनीवर ठेवून मागून टॉर्च मारा. उजेड जिथून झिरपतो तिथे खोलगट. पट्टी गोल फिरवत जा, उंचवट्यावर फुली मारा आणि खड्ड्याभोवती गोल.

उंचवटे बहुतेक शीटच्या सांध्यावरच सापडतात, कारण पाणी लागलं की कडा फुगतात. आधी तिथल्या खिळ्यांची डोकी आत दाबा, नाहीतर सँडिंगचा पट्टा फाटतो. मग ३६ किंवा ४० नंबरचा पेपर लावून घासा. जुना रंग किंवा व्हिनाइल असेल तर शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी होईपर्यंत घासू नका. उंचवटा वाशामुळेच असेल, तर प्लाय घासून पातळ करण्यापेक्षा शीट काढून वाशावर रंधा मारलेला बरा.

खड्डे भरताना सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड (आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण) ओतून मोकळं होणारे बरेच असतात. वरून खिळे मारायचे असतील, तर सिमेंटचा तो थर खिळ्याला धरत नाही आणि खाली भुगा होतो. तिथे अ‍ॅस्फाल्ट फेल्टचे (डांबर मुरवलेल्या जाड कागदाचे) तुकडे, खालचा लहान आणि वरचा मोठा, असे थराथराने लावा. चिकटवायचं असेल तर कंपाउंड चालेल, पण लाकडी सबफ्लोअरसाठीचंच घ्या आणि आधी प्रायमर मारा. काँक्रीटवरचं कंपाउंड प्लाय लवला की तडकतं. सुकल्यावर पुन्हा मीटर लावा, कारण पाणी आपणच ओतलेलं असतं.

दाराच्या चौकटी आत्ताच कापून घ्या: फळीचा तुकडा आणि फेल्ट चौकटीला टेकवून ठेवा आणि त्यावर करवत आडवी धरा. फळ्या वाशांना काटकोनात येतात ना, तेही बघा. त्या समांतरच घ्यायच्या असतील, तर १८ मिमीवर आणखी १२ मिमी प्लाय चढवा आणि दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

झाडून आणि व्हॅक्यूम करून झालं, की फेल्ट चार इंच चढ देत अंथरा. त्याआधी वाशांच्या जागा भिंतीवर पेन्सिलने मांडा. फेल्टखाली जमिनीवरच्या खुणा दिसणार नाहीत.