ट्रॅक्टर-ट्रॉलीची सात पिनांची वायरिंग: या चुका टाळा

गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि शेवटच्या ट्रॉलीला एकही दिवा नाही, हे आता कुणाला खटकतही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बल्ब टिकतच नाहीत.’ बहुतेक वेळा बल्ब ठणठणीत असतो. दोष असतो ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लग-सॉकेटच्या वायरिंगमध्ये.

अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी वाट, हुकाच्या भरवशावर सोडणं. ही सगळ्यांत मोठी चूक. एक वायर वाचते म्हणून अर्थची पिन ३ मोकळी ठेवतात आणि करंट हुकातून परत जाईल असं गृहीत धरतात. तिथे ग्रीस, गंज आणि माती. भरलेली ट्रॉली हुकावर दाब देते तेव्हा दिवे लागतात. काट्यावरून रिकामी निघाली की गेले. मग ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, इंडिकेटरबरोबर भलतेच दिवे लुकलुकतात. कारण २१/५ वॉटच्या बल्बमधल्या दोन्ही तारांना (२१ वॉटची ब्रेकची, ५ वॉटची टेलची) अर्थ एकच. तो तुटला की करंट दुसऱ्या तारेतून उलटी वाट काढतो. इकडे बल्ब बदलला जातो, मग फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले), शेवटी अख्खं सॉकेट. खर्च झाला, दोष तिथेच.

हिशोब करा. ब्रेक, एका बाजूचा इंडिकेटर आणि टेल एकदम चालू असताना एका ट्रॉलीवर २१ वॉटचे तीन आणि ५ वॉटचे दोन बल्ब: ७३ वॉट, १२ व्होल्टला साधारण ६ अँपिअर. दोन ट्रॉल्यांचे १२. सगळे पिन ३ मधूनच परत येणार. म्हणून अर्थला २.५ चौरस मिमीची वायर, बाकीच्यांना १.५. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी आणून पिन ३ ला जोडा. तपासायला ब्रेक दाबून धरा, मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या होल्डरच्या धातूला. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कच्चा.

रंग बघून जोडणं. बाजारातली केबल कुठल्याही रंगांत मिळते. सात पिनांच्या प्लगचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७२४, त्याची मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. नंबर स्क्रूशेजारी कोरलेले असतात, तेच वाचा. जागा लक्षात ठेवून जोडाल तर फसाल, कारण मागून पाहिलं की मांडणी आरशातल्यासारखी उलटते. जुन्या ट्रॅक्टरवर आधी कुणीतरी हात चालवलेला असतोच. टेस्ट लॅम्पने प्रत्येक पिन बघितल्याशिवाय प्लग खोलू नका.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत वायर दाबून बसवा, वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा.

फ्यूज उडतो म्हणून तार गुंडाळणाऱ्यांना काय सांगणार? पुढचा फ्यूज म्हणजे तुमची वायरिंग.

एलईडी दिवे लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर जुना फ्लॅशर कमी लोडला बल्ब गेला असं समजतोय. एलईडीला चालणारा फ्लॅशर घाला.

केबलला वळणावर ताण बसणार नाही इतकी ढील द्या, पण ती जमिनीला घासता कामा नये. ट्रॉली सोडली की प्लग मातीत लोळत ठेवू नका. तोंड खाली करून अडकवायला ट्रॉलीवरच एक रिकामं सॉकेट बसवून घ्या.