वेप ओढणाऱ्या ड्रायव्हरसाठी आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठी

मी सोलापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. विजापूर रोड, आसरा चौक, सात रस्ता, पार्क चौक हा माझ्या शिकवणीच्या गाडीचा रोजचा फेरा. अलीकडे लायसन्स काढायला येणाऱ्या पोरांच्या खिशात बोटाएवढं रंगीत वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, सारखं दिसतं. कुणी त्याला पॉड म्हणतं, कुणी पेन. ‘‘मॅडम, ही सिगारेट न्हाय, नुसती वाफ हाय की,’’ असं मला ऐकवतात. त्या वाफेनं छातीचं काय होतं ते डॉक्टरांनी सांगावं. गाडीत तिनं काय होतं आणि ते कसं टाळायचं, एवढं मी सांगते.

आधी कायदा, कारण गैरसमज तिथंच जास्त आहेत.

ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. सप्टेंबरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेचा कायदा आला. बनवणं, परदेशातून आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं आणि वाहून नेणं, सगळं त्यात आलं. निकोटीन असो नसो, अख्खं यंत्र असो की सुटा भाग, फरक पडत नाही. पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, आणि पोरं तेवढंच पाठ करून बसलीत. पण ड्रायव्हरनं त्यातलं माल वाहून नेण्याबद्दलचं कलम आधी वाचावं. पुण्याहून येताना मित्राचं ‘छोटं पार्सल’ डिकीत टाकून आणणारा, दुबईहून आलेल्या पाहुण्याची बॅग न विचारता गाडीत घेणारा, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोकं पोचवणारा, हे सगळे त्या कलमाच्या तोंडावर उभे असतात. पार्सलात काय आहे ते विचारा. सांगत नसेल तर नेऊ नका. मोटार वाहन नियमांतला २१ वा नियमही लक्षात ठेवा. कायद्यानं बंदी असलेला माल वाहणं हे लायसन्स काढून घेण्याच्या कारणांपैकी एक आहे.

दुसरा कायदा रस्त्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक पद्धतीनं गाडी चालवण्याची शिक्षा आहे. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. हातात धरलेल्या मोबाईलचं नाव त्या कलमात स्पष्ट आहे, वेपचं नाही. म्हणून वेपवाला सुटला असं समजू नका. जपून चालवणाऱ्या जाणत्या ड्रायव्हरकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाणारं कसलंही चालवणं त्याच कलमात बसतं. तोंडासमोर ढग, एक हात स्टिअरिंगवर आणि समोर सात रस्त्याची गर्दी, हे त्यात बसत नसेल तर काय बसेल? या कलमाखाली पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक चालवणाऱ्यांना तर २१ वा नियम आणखी जवळून लागतो. लक्ष विचलित होईल असं काहीही चालवताना करणं आणि प्रवासी गाडी चालवताना धूम्रपान करणं, दोन्ही त्यात नोंदलेलं आहे. आणि कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ येतं, पाच वर्षांपर्यंत कैद.

ओढायला सेकंदभरच लागतो असं प्रत्येकाला वाटतं. मी शेजारच्या सीटवरून नीट पाहिलेलं आहे. हात आधी कप-होल्डरकडे जातो, तिथं सापडत नाही, मग मांड्यांच्या मध्ये, मग सीटच्या फटीत. सापडलं की दिवा पेटतोय का, चार्जिंग आहे का, म्हणून नजर खाली. मग ओढणं, सोडणं, काचेवर धूसर पडदा, तो हटवायला काच खाली करण्याचं बटण. शेवटी परत जागेवर ठेवणं, त्यात ते पायाशी पडलं तर ब्रेकच्या पेडलखाली. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० नं २२ मीटर. नजर दोन सेकंद खाली गेली की हायवेवर चाळीस-पंचेचाळीस मीटर रस्ता न बघता मागं पडतो.

हे आकड्यांनी पटत नाही म्हणून मी शिकाऊ पोरांना मागच्या सीटवर बसवते, दुसऱ्या कुणाला चालवायला देते, आणि डोळे मिटून ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायला सांगते. डोळे उघडल्यावर समोरचा टेम्पो कुठं आला ते बघायचं. तुम्हीही करून बघा, पण प्रवासी म्हणून बसलेले असतानाच.

आपल्या जिल्ह्यात हे चाळीस मीटर फार महाग पडतात. गाळप सुरू झालं की मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, मंद्रूप, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारात पुढं उभा ठाकतो. मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, उसाची टोकं बाहेर आलेली. तो दिसायलाच उशीर होतो, आणि त्यात तुम्ही मांडीवर वेप शोधताय. आषाढात मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर दिंड्या चालत असतात, पहाटे अंधारातही. म्हातारी माणसं असतात त्यांत, आणि मागून येणारी गाडी वाचवून चालवेल या भरवशावर ती पुढं बघून चालत असतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

वेप जवळ बाळगायचंच नाही हे पहिलं. सुटत नसेल तर निदान चावी फिरवायच्या आधी ते हाताच्या टप्प्यातून घालवा. खिसा, कप-होल्डर, दाराचा कप्पा, डॅशबोर्ड यांपैकी कुठंही नको. चालू गाडीत हात पोचेल अशी कुठलीच जागा चालत नाही. मोबाईललाही हाच न्याय लावा. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमानं चालवताना मोबाईलचा उपयोग फक्त रस्ता बघायला आहे, तोही लक्ष ढळणार नाही अशा रीतीनं. तेव्हा मॅप निघण्याआधी लावा, फोन होल्डरला अडकवा आणि सोडून द्या.

वेप गाडीत विसरून उतरू नका. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांपुढं सहज तापतो. आत लिथियमची बॅटरी असते. ती फुगते, गळते, पेटूही शकते.

काच आतून पुसा. वेपच्या रसात ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकोल असतं, त्याचा पातळ थर काचेवर बसतो. दिवसा तो कळत नाही. समोरून दिवे आले किंवा सूर्य समोर आला की काच दुधाळ होते. हैदराबाद रोडनं नळदुर्गकडे नोकरीला जाणाऱ्यांनी हे फार जपावं, कारण सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा सूर्य तोंडावर असतो. आधी ओल्या मऊ फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. वर्तमानपत्राच्या एका फटकाऱ्यात तो थर जात नाही, पसरतो.

दुचाकीवाल्यांना एकच सांगते. हेल्मेटची काच वर करून सिग्नलला ओढायला लागलात तर सिग्नल सुटल्यावर ते हातातच राहतं. मग एका हातानं हँडल, आणि आपल्याकडं पुढचा गतिरोधक पांढरे पट्टे मारून स्वागत करत नाही.

लांबच्या वाटेवर तलफेचं गणित आधीच मांडा. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून सोलापूरहून पुण्याला निघालेल्याचा जीव टेंभुर्णी-इंदापूरच्या आसपास कासावीस व्हायला लागतो. हे माहीत असेल तर थांबा आधीच ठरवता येतो. मोहोळला एकदा, टेंभुर्णीच्या पुढं एकदा, भिगवणला एकदा. गाडी हॉटेलच्या आवारात आत घ्या. हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर उभं राहणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण. पेट्रोल पंपाच्या आवारात तर वेप, बिडी, सिगारेट, काहीच नाही. उतरा, पाणी प्या, चार पावलं चाला, बडीशेप नाहीतर लवंग तोंडात टाका. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो.

शेजारी बसणाऱ्याचं काम बोलण्याचं आहे, आणि ते कसं बोलायचं हे महत्त्वाचं. चालू गाडीत ओरडून भांडलात तर ड्रायव्हरचं उरलेलं लक्षही जातं. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर वयानं मोठा असेल तर ‘‘काका, पुढं चहाला थांबूया का? सगळ्यांनाच पाय मोकळे करायचेत,’’ एवढं पुरतं. मित्र असेल तर ‘‘डिकीत टाक की ते, मोहोळला थांबतोच आपण.’’ घरचं माणूस असेल तर सरळ: ‘‘अहो, आधी गाडी बाजूला घ्या.’’ मुलं मागं बसलेली असतील तर मुळीच संकोच करू नका. बंद एसी गाडीत ती वाफ त्यांच्याच नाकात जाते, आणि उद्या स्टिअरिंगवर बसून काय करायचं हे ती आजच शिकत असतात.

माझी आई बिड्या वळायची. पुढ्यात तंबाखूचं सूप, शेजारी कापलेल्या तेंदूपानांचा ढीग, दिवसभर मान खाली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हेच होतं, आणि वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत. त्यामुळं व्यसन लागलेल्या माणसाला मी कमी लेखत नाही. सुटायला मदत लागते आणि ती मागायची असते. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे, तिथं समुपदेशक बोलतात. वेपमधलं निकोटीनही तेच, तेव्हा वेप ओढणाऱ्यानंही बिनदिक्कत फोन करावा. फक्त गाडी उभी करून.

तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरला गाडी ठरवत असाल तर फोनवर भाव ठरवतानाच सांगा: चालवताना मोबाईल नको, सिगारेट-वेप नको, दर दोन तासांनी थांबू आणि त्या थांब्याचे पैसे कापणार नाही. शेवटचं वाक्य नक्की सांगा. बरेच ड्रायव्हर थांबत नाहीत ते फेरी लांबली तर पैसे बुडतील या भीतीनं.