डेप्थ कॅमेऱ्यावर जेश्चर ॲप बनवताय? या चुका टाळा

हात हलवून हलवून दमलो तरी ॲप दाद देत नाही, आणि कुणी नुसतं केस सावरले तर स्क्रीनवरचं बटण दाबलं जातं. जेश्चर कंट्रोलवर, म्हणजे हाताच्या हालचालींनी ॲप चालवण्यावर, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार येतात. अशा वेळी बहुतेक जण थेट जेश्चर ओळखणाऱ्या कोडमध्ये शिरतात. थ्रेशोल्ड (जेश्चर कधी धरायचं ती सीमा) बदलतात, अटी वाढवतात, मॉडेल पुन्हा ट्रेन करतात. माझा अनुभव वेगळा आहे. दोष बहुतेक वेळा त्याच्या आधी, डेप्थ कॅमेऱ्याच्या, म्हणजे समोरच्या प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या, कच्च्या फ्रेममध्येच असतो. म्हणून काहीही बदलण्याआधी ती फ्रेम डोळ्यांनी बघा.

फ्रेम वाचतानाच होणारा घोटाळा

बहुतेक डेप्थ कॅमेरे १६ बिटांची फ्रेम देतात आणि तिच्यातला प्रत्येक आकडा म्हणजे अंतर, सहसा मिलिमीटरमध्ये. त्यात शून्य आलं तर त्याचा अर्थ ‘अगदी जवळ’ असा नसतो, ‘इथं मोजमाप मिळालं नाही’ असा असतो. सगळ्यात जवळचा बिंदू म्हणजे हात, असं धरून सरळ किमान आकडा काढला की हाती शून्य लागतं आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. सरासरीत शून्यं मिसळली तर हात आहे त्यापेक्षा जवळ भासतो. काळे केस, काच, आरसा, फार जवळ आलेली वस्तू, हाताच्या कडेला पडणारी सावली, या सगळ्या ठिकाणी शून्यं येऊ शकतात. ती आधी गाळा, मग उरलेल्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, घ्या.

एककही गृहीत धरू नका. रिअलसेन्स या डेप्थ कॅमेऱ्यांच्या डी४०० मालिकेत एक एकक म्हणजे मुळात १ मिलिमीटर, तर एल५१५ मध्ये पाव मिलिमीटर. हा आकडा, म्हणजे ‘डेप्थ स्केल’, उपकरणाकडूनच विचारून घेता येतो. तो कोडमध्ये पक्का लिहिला तर कॅमेरा बदलल्या दिवशी हात चौपट लांब जाईल.

नवख्यांना हमखास घाबरवणारी गोष्ट म्हणजे काळी खिडकी. ओपनसीव्ही ही चित्रं हाताळणारी लायब्ररी १६ बिटांचं चित्र दाखवताना प्रत्येक आकडा २५६ ने भागते. एक मीटरवरचा हात म्हणजे १०००, भागून उरतात जेमतेम ४, आणि २५५ च्या पट्टीवर ४ म्हणजे काळंच. कॅमेरा ठीक असतो. फक्त दाखवण्यापुरते आकडे ताणून घ्यायचे असतात.

आणखी एक चूक फार उशिरा सापडते, म्हणून तिच्यावर जोर देतो. डेप्थ फ्रेम लहान-मोठी करताना साध्या फोटोसारखी शेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊ नका. बोट ६०० वर आणि मागची भिंत २००० वर असेल, तर दोघांची सरासरी १३००. म्हणजे जिथं काहीच नाही तिथं हवेत तरंगणारा बिंदू तयार झाला. जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलणारी पद्धत वापरा. साठवतानाही जेपीईजी नको, १६ बिटांची पीएनजी हवी.

रंगीत चित्रातलं बोट, डेप्थमधली भिंत

मीडियापाइप हे हात ओळखणारं सॉफ्टवेअर रंगीत चित्रात हाताचे २१ बिंदू शोधून देतं. त्यातल्या बोटाच्या टोकाचा पिक्सेल घ्यायचा आणि तोच पिक्सेल डेप्थ फ्रेममध्ये वाचायचा, हा मोह स्वाभाविक आहे. पण रंग आणि डेप्थ वेगवेगळ्या भिंगांतून येतात. जुळवणी, म्हणजे एसडीकेमधलं (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या प्रोग्रामिंगच्या साधनांमधलं) ‘अलाइन’, केल्याशिवाय तो पिक्सेल बोटाऐवजी मागच्या भिंतीवर पडतो. जुळवणीनंतरही एकाच पिक्सेलवर विसंबू नका. बोटाचं टोक ही कडच असते आणि कडेवरचं मोजमाप सगळ्यात कच्चं असतं. भोवतालची पाच बाय पाचची चौकट घ्या, शून्यं गाळा, मागचे दूरचे आकडे टाका. आणि मीडियापाइपचा ‘झेड’ हे कॅमेऱ्यापासूनचं अंतर नव्हे. तो मनगटाच्या सापेक्ष असतो.

आरशासारखं चित्र हवं असेल तर ते अगदी शेवटी, दाखवताना उलटवा. आधीच उलटवलं तर भिंगाचा मध्यबिंदू चुकतो आणि त्रिमितीतली जागाही चुकते. मध्यबिंदूसारखे भिंगाचे आकडे रिझोल्यूशनप्रमाणे बदलतात, तेव्हा तेही प्रत्येक वेळी उपकरणाकडूनच घ्या.

कॅमेरा कोणत्या जातीचा?

मायक्रोसॉफ्टचा २०१० चा पहिला किनेक्ट हा डेप्थ कॅमेरा इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी टाकून तिच्या विस्कटण्यावरून अंतर काढायचा. पुढचा किनेक्ट आणि अझूर किनेक्ट प्रकाशाला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतात. रिअलसेन्सचे डी४१५ आणि डी४३५ दोन डोळ्यांसारखे दोन कॅमेरे वापरतात. हा फरक माहीत नसेल तर उपाय चुकतो. दोन डोळ्यांच्या पद्धतीत चूक अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते: अंतर दुप्पट, तर चूक चौपट. एक मीटरवर छान चालणारं ‘पाच सेंटिमीटर पुढे ढकला’ हे जेश्चर तीन मीटरवर मोजमापाच्या गोंगाटात बुडतं. डी४३५ ला हात फार जवळ आल्यावर दिसत नसेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा, किमान अंतर खाली येतं. उन्हात इन्फ्रारेड टाकणाऱ्या कॅमेऱ्यांची दमछाक होते. खिडकीकडे तोंड करून कॅमेरा ठेवू नका. समोरासमोर दोन अझूर किनेक्ट असतील तर सिंक केबल जोडून दोघांच्या डेप्थच्या वेळांत किमान १६० मायक्रोसेकंदांचं अंतर ठेवा.

फ्रेम गळत असतील तर आधी केबल तपासा. यूएसबी ३ ची जोडणी गुपचूप यूएसबी २ वर उतरलेली असते.

थरथर आणि दिरंगाई

कर्सर थरथरतो म्हणून दहा फ्रेमची सरासरी घेतली की तो शांत होतो, पण सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाला सुमारे १५० मिलिसेकंद मागे पडतो. ते हाताला लगेच जाणवतं. २०१२ मध्ये मांडलेला ‘वन युरो फिल्टर’ मला इथं सगळ्यात भरवशाचा वाटतो: हात संथ असताना जास्त गुळगुळीत करतो, वेगात असताना मोकळा सोडतो. वेग काढताना फ्रेम मोजू नका, फ्रेमवरची वेळ वापरा. आणि फ्रेमची रांग साचू देऊ नका. जुन्या फ्रेम टाकून ताजी घ्या.

आता जेश्चरकडे. चिमटीचा, म्हणजे अंगठा आणि बोट यांतल्या अंतराचा, एकच थ्रेशोल्ड ठेवला तर ती सीमेवर उघडमीट करत राहते. पकडायला २५ मिलिमीटर आणि सोडायला ४० असे दोन आकडे ठेवा. उजवीकडे स्वाइप केल्यावर हात परत येतो तेव्हा डावीकडचा स्वाइप नोंदला जातो. त्यावर उपाय म्हणजे क्षणभर विराम आणि हात मूळ जागी स्थिरावल्याची अट. दुसऱ्या किनेक्टचा एसडीके शरीराचा प्रत्येक सांधा ‘दिसला’, ‘अंदाजाने काढला’ की ‘सापडला नाही’ हे सांगतो. अंदाजाने काढलेल्या सांध्यावर बटण दाबू देऊ नका.

सांध्यांचे क्रमांक कोडभर विखुरले असतील तर आजच एका जागी आणा. पहिल्या किनेक्टचे सांधे २०, दुसऱ्याचे २५, अझूर किनेक्टचे ३२. आणि ही साधनं टिकतात असंही नाही. ॲपलने २०१३ मध्ये पहिल्या किनेक्टमागचं तंत्र बनवणारी प्राइमसेन्स विकत घेतली आणि २०१४ मध्ये ओपनएनआय या डेप्थ कॅमेऱ्यांसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचं संकेतस्थळ बंद झालं. २०१९ ला आलेल्या अझूर किनेक्टचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं. म्हणून कॅमेऱ्याशी बोलणारा थर वेगळा ठेवा आणि चालणारा इन्स्टॉलर जपून ठेवा.

रेकॉर्डिंगची सोय रिअलसेन्स आणि अझूर किनेक्ट दोन्हींच्या साधनांत आहे. काळे कपडे, लांब बाह्या, डावखुरे, बसलेली माणसं, अशा क्लिप पहिल्याच आठवड्यात साठवा आणि थ्रेशोल्ड बदलला की प्रत्येक वेळी त्याच क्लिप पुन्हा चालवून बघा.